बायोचा तास आयटीवर का आदळतो?

गेल्या वर्षी अकरावीचे प्रवेश चालू होते तेव्हा मामेबहिणीचा फोन आला. मामांचं गाव पारोळा तालुक्यात. एका बाजूला धुळं, दुसऱ्या बाजूला जळगाव, आणि एसटीनं जायचं म्हटलं की दोन्ही लांबच. तिनं हालहवाल न विचारता सरळ मुद्दा काढला. "ताई, माले बायो बी जोयजे, मॅथ्स बी जोयजे नि कॉम्प्युटर बी जोयजे. सर म्हणतात क्लॅश होतो, एक सोड."

"क्लॅश कशाचा?" मी विचारलं.

"ते माले काय माहीत? क्लॅश म्हंजे क्लॅश."

या ब्लॉगवर मी एरवी माझ्या पीएच.डी.च्या कामाबद्दल लिहिते, म्हणजे ठिपके आणि रेघा, ज्याला आम्ही ग्राफ म्हणतो. (सीईटीच्या पुस्तकातला एक्स-वाय अक्षांचा आलेख वेगळा. नावाचा हा घोळ आम्ही केलेला नाही, आम्हाला तो वारशात मिळाला.) घरच्यांना माझं काम समजावून सांगायचा प्रयत्न मी कधीच सोडून दिलाय. पण बहिणीचा प्रश्न नेमका माझ्याच विषयात येऊन पडला होता. शिवाय त्यात माझं एक जुनं उसनंही होतं.

मी अकरावीला होते तेव्हा मला इलेक्ट्रॉनिक्सही हवं होतं आणि जीवशास्त्रही. ऑफिसच्या खिडकीत मला सांगितलं, "क्लॅश आहे, बायो सोडा." मी सोडलं. कुठला क्लॅश, कशामुळे, हे ना मी विचारलं, ना बाबांनी. गणितात पुढे आले त्याचं दुःख नाही. पण आज माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणात प्रथिनांची जाळी येतात, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी मी बारावीचं बायोचं पुस्तक पेन्सिलीनं खुणा करत वाचते. त्यामुळे बहिणीला मी म्हटलं, सोडायचं असेल तर सोड, पण आधी बघू की आदळतंय काय आणि कशावर.

आधी मंडळाचा डबा

एकाच 'क्लॅश' शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पहिली वेळापत्रकाची नाहीच, ती मंडळाच्या नियमाची आहे.

राज्य मंडळाच्या बारावी विज्ञानाला गुण मोजले जाणारे सहा विषय असतात. हा सहा कप्प्यांचा डबा समजा. एका कप्प्यात इंग्रजी, ते सक्तीचं. दुसऱ्यात मराठी-हिंदीसारखी दुसरी भाषा किंवा तिच्या जागी आयटी. उरलेल्या चारांत भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र, भूगोल वगैरेंपैकी निवड. आता बायफोकल विषय, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, क्रॉप सायन्स इत्यादी. हे २०० गुणांचे असतात, म्हणजे दोन कप्पे खातात. ते घेतले की दुसरी भाषा जाते आणि आणखी एक ऐच्छिक विषय जातो.

बहिणीला हवं होतं: इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र आणि बायफोकल कॉम्प्युटर. मोजा. पाच अधिक दोन, सात. डबा सहाचा. इथे सरांचा काही दोष नाही, प्राचार्यांना भेटूनही उपयोग नाही.

पण मी तिला विचारलं, तुला कॉम्प्युटर कशासाठी हवं? म्हणाली, प्रोग्रॅमिंग शिकायचंय. मग आयटी घे ना! आयटी १०० गुणांचा, भाषेच्या कप्प्यात बसतो. इंग्रजी, आयटी, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र: बरोबर सहा. बायफोकलएवढं खोल नाही, प्रॅक्टिकल कमी, हे खरं. पण दोन वर्षं संगणकाशी नातं राहतं आणि बायोही हातचं जात नाही. मंडळाच्या हिशेबात हे बसलं.

दोन दिवसांनी परत फोन. "ताई, आयटी नि बायो एकाच तासाले शे."

हा खरा क्लॅश.

ठिपके आणि रेघा

तिला मी कॉलेजच्या नोटीस बोर्डावरच्या वेळापत्रकाचा फोटो पाठवायला सांगितला. फोटो तिरका होता, एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, पण वाचता आला.

आता वहीचं एक पान घ्या. प्रत्येक विषयासाठी एक ठिपका काढा. दोन विषय घेणारा एक जरी विद्यार्थी असेल, तर त्या दोन ठिपक्यांना रेघेनं जोडा. दोन विषय एकच शिक्षक शिकवत असेल, तरी जोडा. रेघेचा अर्थ एवढाच की हे दोन विषय एका वेळी ठेवता येणार नाहीत. मग प्रत्येक तासाला एक रंग द्या. रेघेच्या दोन्ही टोकांना एकच रंग येता कामा नये. किती रंग लागले? तितके तास लागणार.

हे चित्र आधी नकाशांसाठी आलं. १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री नावाच्या तरुणाला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना प्रश्न पडला, की शेजारच्या परगण्यांना वेगळे रंग द्यायचे तर चार रंग कायम पुरतात का? हा प्रश्न पुढे सव्वाशे वर्षं चालला, त्याच्याकडे परत येऊ. वेळापत्रकाशी त्याची सोयरीक विसाव्या शतकात झाली. १९६७ मध्ये वेल्श आणि पॉवेल यांनी ग्राफ रंगवण्याची एक साधी पद्धत दिली, आणि त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच वेळापत्रकाचा उल्लेख आहे.

लहान कॉलेज धरू. एकीकडे पीसीएमची मुलं: इंग्रजी, भाषा, भौतिक, रसायन, गणित, भूगोल. दुसरीकडे पीसीबीची: तेच सगळं, फक्त गणिताऐवजी जीवशास्त्र. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेणारं कुणीच नाही, म्हणून त्या दोन ठिपक्यांत रेघ नाही. दोघांना एकच तास देता येतो. गणिताची मुलं या खोलीत, बायोची त्या खोलीत. विषय सात, पण तास सहाच. खान्देशातल्या कितीतरी कॉलेजांत गणित आणि बायो समोरासमोर असतात ते यामुळे. त्यात मुलांना अडवायचा हेतू नसतो, एक तास वाचतो म्हणून ते तसं बसवलेलं असतं.

आता एकच मुलगी पीसीएमबी घेते. गणित आणि बायोमध्ये रेघ आली. बायोची भूगोलाशी रेघ आधीपासून आहे, कारण पीसीबीवाले भूगोल घेतात. गणिताचीही आहे. आता सातही ठिपके एकमेकांना जोडले गेले. सहा रंगांत हे होणारच नाही, सातवा तास हवा. एका मुलीच्या एका रेघेमुळे सगळ्या कॉलेजचा दिवस एका तासानं वाढतो. ऑफिसच्या खिडकीतला माणूस "सोडा" का म्हणतो ते इथे मला पहिल्यांदा कळलं. खरं सांगायचं तर थोडा राग गेला.

यात एक गंमत आहे. ग्राफमध्ये रेघ असते किंवा नसते. एका मुलीसाठी काढली काय आणि चाळीस जणांसाठी काढली काय, तीच रेघ, तेवढाच खर्च. वेळापत्रक करणाऱ्या सरांच्या डोक्यात मात्र रेघेला वजन असतं. एकटीसाठी सातवा तास कोण काढणार? चौदा जणींसाठी निघतो.

बहिणीच्या कॉलेजनं सातवा तास आधीच काढलेला होता, म्हणजे पीसीएमबीची सोय होती. अडलं होतं ते फक्त आयटीवर.

दोन ठिपक्यांची अदलाबदल

फोटोवरून मी जे उतरवलं त्यातले कामाचे तीन तास असे. शेवटच्या तासाला मराठी आणि त्याच वेळी बायफोकलचा कॉम्प्युटर पेपर एक. मधल्या तासाला बायो आणि त्याच वेळी आयटी. आणखी एका तासाला भूगोल आणि कॉम्प्युटर पेपर दोन. बाकी इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित यांचे तास वेगवेगळे.

आयटी बायोसमोर का टाकलं असेल? आजवर आयटी पीसीएमच्याच मुलांनी घेतलं होतं. बायो आणि आयटीमध्ये रेघच नव्हती. बहिणीनं ती काढली.

सरळ उपाय म्हणजे आयटी मराठीच्या तासाला न्यायचं. आयटी घेणारी मुलं मराठी घेतच नाहीत. पण तिथे कॉम्प्युटर पेपर एक बसलेला, आणि दोन्ही शिकवणारे सर एकच. ते तासिका तत्त्वावर आहेत, सकाळी इथे शिकवतात आणि दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात. इथे एक रेघ आहे जी विद्यार्थ्यांच्या यादीत दिसत नाही.

इथे आपल्या मदतीला आल्फ्रेड केम्प येतो. हा लंडनचा वकील. १८७९ मध्ये त्यानं गथ्रीच्या चार रंगांच्या प्रश्नाची सिद्धता छापली. अकरा वर्षं सगळ्यांनी ती खरी मानली. १८९० मध्ये हीवूडनं तिच्यातली चूक दाखवली, आणि खरी सिद्धता १९७६ मध्ये अ‍ॅपल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीनं दिली. पण केम्पची युक्ती सिद्धतेबरोबर बुडाली नाही. ती अशी: कुठलेही दोन रंग घ्या. एका ठिपक्यापासून सुरू करून फक्त त्या दोन रंगांच्या ठिपक्यांवरून रेघेरेघेनं जिथवर जाता येतं तिथवर जा. या साखळीतल्या ठिपक्यांचे रंग उलटेपालटे केले, तर बाहेर कुठेही नवा क्लॅश होत नाही. वेळापत्रक बनवणाऱ्या संगणक प्रोग्रॅममध्ये ही युक्ती आजही वापरतात.

बहिणीच्या कॉलेजात शेवटचा तास आणि मधला तास हे दोन रंग घेतले. आयटीपासून निघालो. शिक्षक एकच म्हणून कॉम्प्युटर पेपर एकवर पोहोचलो. तिथून पुढे? कॉम्प्युटरच्या मुलांना बायो नाही. संपली साखळी, दोनच ठिपक्यांची. त्यांची अदलाबदल करा: आयटी शेवटच्या तासाला मराठीसमोर, कॉम्प्युटर पेपर एक मधल्या तासाला बायोसमोर. सरांचे तास तेवढेच, यायची-जायची वेळ तीच, लॅब तीच. आठवा तास नको, नवी खोली नको.

मी हे पान रंगीत पेनांनी काढून तिला पाठवलं तेव्हा मला वाटलं, झालं. संशोधकाला असं नेहमी वाटतं.

तिनं पान सरांना दाखवलं. सर म्हणाले, "बरोबर दिसतंय. पण एकटीसाठी मी बोर्ड बदलणार नाही. आणखी कोण आहे?" वजनाची गोष्ट वर म्हटली ती इथे आली. तिनं वर्गात विचारलं, तर आणखी पाच जणी निघाल्या ज्यांनी आयटी याच कारणानं सोडून मराठी घेतलं होतं. कुणी बोललंच नव्हतं! सहा नावांचा अर्ज गेला, आणि आठवड्यानं बोर्डावर नवा कागद लागला.

नव्या कागदाचा तोटा कुणाला झाला, हेही सांगायला हवं. आयटी घेणाऱ्या पीसीएमच्या मुलांना आधी शेवटचा तास मोकळा होता. ती लवकर निघून क्लासला जायची. आता त्यांचा मोकळा तास मध्येच आला, ते कट्ट्यावर बसून काढतात. बायफोकलच्या मुलांचं उलटं, त्यांना शेवटचा तास मोकळा मिळाला. चित्रात अदलाबदल निर्दोष आहे, कट्ट्यावर नाही.

कॉम्प्युटरला सांगून होत नाही का?

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. छोट्या कॉलेजचं होतं. पण 'सगळ्या शक्यता तपासून बघू' असं म्हणून होत नाही.

किती शक्यता असतात याचा हिशेब आपल्याच जिल्ह्याच्या ओळखीचा आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत अंकपाश नावाचं प्रकरण आहे, आणि त्यात एक गणित आहे: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे धरता येतील? उत्तर ३६,२८,८००. त्याच रीतीनं एका तुकडीचे सहा विषय सहा तासांत ७२० प्रकारे लावता येतात. तीन तुकड्या असतील तर एका दिवसाचे ३७ कोटी ३२ लाख ४८ हजार प्रकार. आठवड्याचं तुम्हीच बघा.

सगळंच अवघड आहे असंही नाही. फक्त 'कोणत्या शिक्षकानं कोणत्या तुकडीला किती तास' एवढीच अट असेल, तर १९१६ मधलं डेनेश कोनिग या हंगेरियन गणितज्ञाचं प्रमेय सांगतं की सगळ्यात भरलेल्या शिक्षकाला किंवा तुकडीला जितके तास आहेत, तितक्यातच सगळं बसतं. आणि ते बसवायची सोपी रीतही आहे. पण शिक्षक ठरावीक वेळीच उपलब्ध आहेत अशी अट घातली की चित्र पालटतं. १९७६ मध्ये इव्हन, इटाई आणि शमीर यांनी दाखवलं की मग हा प्रश्न त्या कुप्रसिद्ध गटात जातो ज्यासाठी जलद आणि हमखास रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही.

याचा अर्थ नीट बघा. पूर्णवेळ शिक्षक असलेल्या मोठ्या कॉलेजचं वेळापत्रक सोपं, आणि दोन गावांत तासिका तत्त्वावर फिरणाऱ्या सरांवर चालणाऱ्या छोट्या कॉलेजचं अवघड. शहरात पीसीएमबीची स्वतंत्र तुकडी असते, तिथल्या मुलीला माझ्या रंगीत पेनांची गरजच पडत नाही. तालुक्याच्या गावी एका विषयाला एक शिक्षक, एक लॅब, एकच तास. अमेरिकेतल्या हायस्कुलांतही कॉलेजच्या तोडीचे अवघड विषय वर्षातून एकाच तासाला असले की अशीच टक्कर होते, आणि तिथेही छोट्या गावांतल्या शाळांना ती जास्त सोसावी लागते.

बस हलत नाही

तिसरा क्लॅश कॉलेजबाहेरचा. प्रॅक्टिकल, बस आणि क्लास.

वेल्श-पॉवेल पद्धतीतली एक गोष्ट इथे सरळ कामाला येते. ते म्हणतात, ज्या ठिपक्याला सगळ्यात जास्त रेघा, त्याला आधी रंग द्या. सोप्यांचं नंतर बघू. बहिणीला मी म्हटलं, जे अजिबात हलत नाही ते आधी लिही. तिनं पहिली लिहिली ती गावाकडची शेवटची एसटी. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, पण पास असून बस नसेल तर काय? दुसरं, आयटीचं प्रॅक्टिकल, कारण त्याची बॅच एकच. मग बायोचं प्रॅक्टिकल, त्याच्या तीन बॅचा होत्या. ती ज्या बॅचमध्ये होती ती आयटीवर आदळत होती, तर तिनं एका मैत्रिणीशी बॅच बदलून घेतली. भौतिक आणि रसायन आपोआप बसले. क्लास सगळ्यात शेवटी.

आपल्याकडे बहुतेक घरांत हे उलटं होतं. आधी धुळ्याचा नाहीतर जळगावचा क्लास ठरतो, फी भरली जाते, आणि मग कॉलेज त्यात कोंबलं जातं. किंवा कॉलेज नावालाच असतं, हजेरीपुरतं. २०१८ मध्ये राज्य सरकारनं ज्युनिअर कॉलेजच्या विज्ञान शाखेत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली ती याच कारणानं. नावापुरत्या कॉलेजात कुठलाच क्लॅश होत नाही, कारण तिथे वेळापत्रकच नसतं. माझं मत विचाराल तर ज्यानं बायोचं प्रॅक्टिकल फक्त जर्नलमध्ये केलंय, त्यानं बायो घेतलंच नाही. बहिणीनं रविवारची बॅच घेतली. ती बरी आहे की नाही, हे मला खरंच सांगता येणार नाही.

आणि खरंच एक सोडायची वेळ आली तर

साखळी दर वेळी दोन ठिपक्यांत संपत नाही. कधी ती पूर्ण कॉलेजभर पसरते आणि अदलाबदल केली तरी क्लॅश तसाच राहतो. मग सोडावं लागतं. अशा वेळी 'कुठला विषय आवडतो' यापेक्षा 'कुठला परत मिळवणं जास्त अवघड' हा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो.

एमएचटी-सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे दोन गट वेगळे आहेत. पीसीएमबीवाला दोन्ही देऊ शकतो. दोन्हींत अकरावीचं वजन सुमारे २० टक्के आणि बारावीचं ८०. फार्मसी आणि कृषी कुठल्याही गटातून होतं, त्यामुळे 'अ‍ॅग्रीला जायचंय म्हणून बायो हवंच' ही आपल्याकडची समजूत बरोबर नाही. गणित सोडलं तर अभियांत्रिकीचा नेहमीचा रस्ता, आर्किटेक्चर, एनडीएत वायुदल आणि नौदल, बी.एस्सी.ला गणित हे सगळं अडतं. बायो सोडलं तर मुख्यतः नीट, पण ते दार मोठं आहे. तिथे थोडी फट मात्र आहे: नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सांगितलं की बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेलं चालेल. आपल्या मंडळाच्या अर्जात 'तुरळक विषय' असा प्रकारच असतो, तो अशांसाठी. प्रॅक्टिकलची सोय मात्र करावी लागते, घरी बसून ते होत नाही.

आयसरच्या प्रवेश चाचणीत ६० प्रश्न असतात, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५. तीन विषयांवरही बसता येतं, पण चौथ्याचे १५ प्रश्न समोर असतातच. बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली. तोवर तिला वाटायचं, चारही विषय घेणारा म्हणजे न ठरवता आलेला.

एक बोलून टाकते. पीसीएमबी हा पराक्रम नाही. चार विषयांची चार जर्नल्स, चार सबमिशन्स, आणि बायोच्या आकृत्या रात्री अकराला. ज्याला एक गोष्ट नक्की माहीत आहे त्यानं ती घ्यावी आणि भूगोलाचे चांगले मार्क पाडावेत, त्यात काहीच कमी नाही. मला राग आहे तो फक्त खिडकीत मिळालेल्या 'सोडा'चा.

गेल्या वर्षीपासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर झाले. त्याआधी ते मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरांपुरते होते, जळगाव-धुळ्याला नवीन. ती प्रक्रिया तुम्हाला कॉलेज आणि शाखा मिळवून देते. कुठला तास कशावर आदळतोय हे तिच्यात दिसत नाही, ते कॉलेजात जाऊनच विचारावं लागतं, आणि शक्यतो बोर्डावर कागद लागायच्या आधी. वेळापत्रक करणारे सर कोण आहेत ते शोधा. बहुतेक कॉलेजांत हे काम एकाच माणसाच्या गळ्यात असतं आणि त्याला कुणी कधी चांगलं म्हणत नाही.

बहीण आता बारावीत आहे. नीट की आयसर हे अजून ठरलेलं नाही, मामींना विचारलं तर त्या म्हणतात, "तिलेच इचार." यंदाचं वेळापत्रक परवा लागायचं होतं, ते थांबलंय. आयटीच्या मुलांनीही अर्ज दिलाय की त्यांचा मोकळा तास पुन्हा शेवटी करावा. त्यांच्या अर्जावर अकरा नावं आहेत. काल रात्री तिनं नवा फोटो पाठवला, या वेळी सरळ, अंगठ्याशिवाय. मी पेनं काढून बसलेय.